फक्कीचा गाडा आणि साखरेची गाठी

शनिवारी सकाळी पावणेसातला न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या विद्यापीठाच्या मैदानावर जो माणूस पालथा पडलेला दिसायचा, तो मेलेला नसायचा. ते चंद्रहास ताम्हणकर असायचे. गाल दवात टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि दुसरा शंभर मीटर ताणलेल्या दोरीवर. दोरी सरळ आहे की नाही हे उभ्याने कळतच नाही, असं त्यांचं ठाम मत. पहिल्या वर्षी कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईने त्यांना असं पाहून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. नंतर नंतर तीच बाई लांबून हाक मारायची.

"मॉर्निंग, चॅन्ड्रा! सरळ आहे का?"

"एक सेंटीमीटर डावीकडे!" ताम्हणकर पडल्यापडल्या ओरडायचे.

"स्वीट अ‍ॅज!" असं तिकडच्या बोलीतलं 'झकास' म्हणून बाई आणि कुत्रं पुढे जायची.

मग ताम्हणकर उठायचे, गुडघे झटकायचे आणि शेडमधून गाडा काढायचे. चार चाकं, मध्ये पांढऱ्या रंगाची टाकी, मागे ढकलायला दांडा. विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबात त्याला लाइन मार्कर म्हणत. ताम्हणकर त्याला फक्कीचा गाडा म्हणत. त्यात फक्कीच्या जागी पाण्यात मिसळलेला रंग असतो, हे त्यांना कळत होतं. पण धनकवडीच्या शाळेत ड्रिलच्या सरांनी मुठीने फक्की टाकून आखलेलं कबड्डीचं मैदान ज्याने पाहिलंय, त्याच्या तोंडून दुसरा शब्द यायचा कसा?

पोटापाण्यासाठी ताम्हणकर पावसाच्या पाण्याचा निचरा करायचे, असं ते स्वतः सांगत. "गटारं करतात," असं त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई सांगत. पुण्याहून आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत नव्या घरांच्या रांगांखालून पाइप नेले, मग नोकरीने त्यांना इथे आणलं. वाऱ्याच्या गावाला. डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. कपडे वाळत घातले तर संध्याकाळी ते शेजाऱ्यांकडे चहाला गेलेले असतात.

क्लबात ते आले ते ओवीमुळे. त्यांची एकुलती एक मुलगी, टाकानिनीत जन्मलेली. तेव्हा आठ वर्षांची होती आणि शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या मैदानावर छोट्या मुलांच्या वर्गाला जायची. बाकीचे बाप कडेला कॉफी पीत उभे राहायचे. ताम्हणकर गोलसमोर साचलेल्या डबक्याकडे बघत उभे राहायचे. दोन शनिवार त्यांनी कळ काढली. तिसऱ्या शनिवारी फावडं घेऊन गेले. महिन्याभरात डबकं गेलं.

क्लबचे अध्यक्ष नेव्हिल, गुरांचे निवृत्त डॉक्टर, हाफपँटीतले, बारा महिने हाफपँटीतलेच, येऊन कोरड्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिले.

"पन्नास वर्षं ते डबकं होतं," ते म्हणाले. "आमचा एक गोलकीपर त्यात बदक पाळणार होता."

"उतार उलटा होता," ताम्हणकर म्हणाले.

"तुला रेघा मारायला आवडतील का रे?"

माणसाला आयुष्यात असा प्रश्न फार तर एकदा विचारला जातो. ताम्हणकरांनी हो म्हटलं.

आता गाठीचं.

त्यानंतरच्या मार्चमधली गोष्ट. पाडवा आणि मोसमातला पहिला घरचा सामना एकाच शनिवारी आले. टाकानिनीच्या फ्लॅटमध्ये गुढीला जागाच नव्हती, तिथे पाडवा म्हणजे श्रीखंड-पुरी एवढंच. इथे अंगण होतं. त्यामुळे ताम्हणकर दांपत्याने ठरवलं, यंदा गुढी. ऑकलंडचे स्नेही देवव्रत यांनी ओटाहुहूच्या दुकानातून साखरेची गाठी कुरियरने पाठवली. पहाटे, ओवी झोपलेली असताना, स्नेहलताबाईंची जांभळी पैठणी, वर तांब्या, गाठी, सगळं काठीला बांधून गुढी उभी राहिली. पूर्ण चार मिनिटं उभी राहिली. मग डोंगरावरून वारा आला. तांब्या शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर पडला आणि तिथून उसळून त्यांच्या कोबीत गेला. पैठणी कुंपणाला लटकली. गाठी तेवढी ताम्हणकरांनी हवेत झेलली.

"अहो, गुढी पडली! वर्षाच्या पहिल्या दिवशी!" स्नेहलताबाईंचा आवाज रडवेला झाला.

"पडली नाही. मी गाठी झेलली, म्हणजे अर्धी उभीच आहे."

"अर्धी गुढी असते का कुठे?"

"नवीन काम सुरू करायचा दिवस ना? मी ही गाड्याला बांधतो. आज पहिली रेघ मारायचीय."

तसं त्यांनी केलं. दांड्याला गाठी बांधली. टाकीवर कुंकवाने स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं आणि स्नेहलताबाईंनी घरून निघताना दिलेला दम आठवला, 'तसलं काही काढू नका, इथे लोक वेगळंच समजतात.' मग स्वस्तिकाऐवजी त्यांनी पाच ठिपके दिले. रेघा मारल्या. गाडा मधल्या रेघेपाशी, मैदानाच्या कडेला लावला आणि ते हात धुवायला गेले.

परत येऊन बघतात तर अख्खी महिला टीम गाठी खात होती.

झालं होतं असं. गोलकीपर मेरेआना त्या वर्षी नवीन आली होती, हॉक्स बेहून, पहिलाच सामना. तिला वाटलं, इथली पद्धत दिसते, नव्या गोलकीपरने साखर खायची. तिने एक बत्तासा तोडून तोंडात टाकला. बाकीच्यांना वाटलं, ही इतक्या आत्मविश्वासाने खातेय म्हणजे हिला काहीतरी माहिती आहे. त्यांनीही खाल्ला. आणि ज्या वेलिंग्टनच्या टीमकडून क्लब आठ वर्षं मार खात होता, तिला त्यांनी तीन-शून्य हरवलं.

"गाठी कुठाय?" घरी आल्यावर स्नेहलताबाईंनी विचारलं.

"खाल्ली."

"कोणी?"

"गोलकीपरने."

"का?"

"मी विचारलं नाही."

पुढच्या वर्षी पहिल्या सामन्याच्या सकाळी अकरा मुली गाड्याच्या दांड्याकडे बघत उभ्या राहणार, हे ताम्हणकर ओळखून होते. त्यांनी पावणेसातलाच, कोणी नसताना, गाठी बांधून ठेवली. आणि घरची गुढी स्नेहलताबाईंनी त्या वर्षापासून गॅरेजमध्ये उभारायला सुरुवात केली, गाडी बाहेर काढून, दार लावून.

विद्यापीठात पिढी तीन वर्षांची असते. तीन वर्षं झाली की पोरं डिग्री घेऊन जातात आणि नवी येतात. त्यामुळे दहा वर्षांत तिथे पणजोबा होऊन जातात. चौथ्या वर्षी त्या प्रकाराला 'शुगरिंग' हे नाव पडलं. पाचव्या वर्षी पाच ठिपक्यांचा अर्थ निघाला: पाच संस्थापक. सहाव्या वर्षी कोणी म्हणालं, नाही, सदर्न क्रॉसचे तारे. न्यूझीलंडच्या झेंड्यावर ते चारच आहेत असं कोणीतरी दाखवून दिल्यावर, पाचवा ठिपका नेव्हिलचा, असं ठरलं.

आणि सातव्या वर्षी खुद्द नेव्हिल मोसमाच्या भाषणात म्हणाले, "एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पाऊस असा, की गोलपोस्ट दिसत नव्हता. बोटं बधिर. आणि माझ्या जिभेवर ती साखर. मी आजही डोळे मिटले की ती चव येते."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

चौऱ्याहत्तर साली ताम्हणकर धनकवडीत रांगत होते आणि न्यूझीलंडमध्ये गाठी कोणी पाहिलेली नव्हती. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, नेव्हिलकडे बघितलं आणि त्यात सॉसेज घालून बंद केलं.

असं दहा वर्षं चाललं. यंदा क्लबला साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि फेब्रुवारीत नेव्हिलनी क्लबच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. आल्याची बिस्किटं, चहा आणि भिंतीवर एक हिरवंगार चित्र.

"कृत्रिम गवत!" नेव्हिल म्हणाले. "मार्चच्या शेवटी तयार. चिखल नाही, काही नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ओवीने वाजवल्या. ती आता अठराची, पहिल्या वर्षाला, कॅम्पसजवळ चार मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहणारी आणि क्लबच्या महिला टीमची गोलकीपर. मेरेआना आता तिची कोच होती.

ताम्हणकरांनी हात वर केला. "रेघा कधी मारायच्या? गवत बसवल्यावर किती दिवसांनी?"

"तीच तर मजा आहे, मेट! रेघा आतच शिवलेल्या येतात. कायमच्या."

"अच्छा. आणि निचरा?"

"खालीच बसवलेला. पाणी थांबतच नाही."

ताम्हणकरांनी हात खाली घेतला. या जगात त्यांना ज्या दोन गोष्टी येत होत्या, त्या दोन्ही त्या गालिच्याला आधीच येत होत्या.

"आणि तुझ्या गाड्याचं काय, ते ऐक," नेव्हिलनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "काचेच्या पेटीत ठेवणार आम्ही त्याला. इथे, दारात. खाली पितळी पाटी. तू आता आरामात ये, कॉफी घे, कडेला उभा राहा!"

कडेला. कॉफी घेऊन. ताम्हणकर घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याची पातळी तपासायला लागले. मन ठिकाणावर नसलं की ते हेच करत.

"पहिल्यांदाच शनिवारी आठपर्यंत झोपाल," स्नेहलताबाई म्हणाल्या. त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या; माणसाच्या आत काय चाललंय ते त्यांना बाटलीत बघायची सवय, पण नवऱ्याचं बाटलीशिवाय कळायचं. "अहो, ऐकताय का? सांगून टाका त्यांना."

"काय सांगू?"

"की ते शुगरिंग-बिगरिंग तुमचं आहे. आमच्या गुढीवरचं आहे. मग बघू कसे तुम्हाला कडेला उभं करतात!"

"आता सांगू? काम गेल्यावर? म्हणजे म्हणतील, ताम्हणकर जागा मागतोय. आणि नेव्हिलचं काय? त्याची चव जाईल."

"त्याची चव! दहा वर्षं तुमची मेहनत, आणि चव त्याची!"

"ओटा उजवीकडे तीन मिलीमीटर खाली आहे," ताम्हणकर म्हणाले.

उद्घाटनाचा सामना शनिवारी होता. गुरुवारी ओवीची ईमेल आली. साठ वर्षांनिमित्त क्लबचा इतिहास आणि परंपरा यांवर पुस्तिका निघणार होती. लेखन ओवीचं. शनिवारचे फोटो घालून सोमवारी छापायला जाणार होती. 'बाबा, तुला हीप्स माहिती आहे, चेक कर ना,' असं वर लिहिलं होतं; हीप्स म्हणजे ढीगभर. ताम्हणकरांनी चष्मा लावला आणि इंग्रजी मजकूर मराठीत सांगत वाचायला सुरुवात केली. स्नेहलताबाई पोळ्या लाटत होत्या.

"शुगरिंगची प्रथा क्लबच्या स्थापनेइतकी, म्हणजे १९६५ इतकी जुनी आहे... साखर देशात महाग असताना ती खेळाडूंना मिळावी हा हेतू असावा..."

"असावा!" लाटणं आपटलं.

"या प्रथेचा प्रसार आता क्लबच्या बाहेरही झाला आहे. माझ्या स्वतःच्या घरी," ताम्हणकर थांबले.

"वाचा की. काय घरी?"

"माझ्या स्वतःच्या घरी दर वर्षी मोसम सुरू होताना आईबाबा गॅरेजमध्ये एका काठीला रेशमी कापड गुंडाळतात, ही साखरेची माळ बांधतात आणि वर उलटा पेला ठेवतात." त्यांनी पुढची ओळ दोनदा बघितली. "हा पेला बहुधा ट्रॉफीचं प्रतीक असावा."

पोळी तव्यावर करपायला लागली.

"एका स्थलांतरित कुटुंबाने क्लबची परंपरा किती प्रेमाने आपलीशी केली, याचं हे सुंदर उदाहरण आहे."

स्वयंपाकघरात धूर झाला.

"ट्रॉफी?" स्नेहलताबाई हळूच म्हणाल्या. मग हळू नाही. "ट्रॉफी? माझ्या आजेसासूबाईंचा तांब्या ट्रॉफी? आम्ही पाडवा फुटबॉलवरून शिकलो? फोन द्या इकडे!"

"थांब गं."

"फोन द्या!"

"अगं, तिची चूक काय? गाठी तिने आधी गाड्यावर पाहिली, पुढच्या वर्षी गॅरेजात. दिसली त्याच क्रमाने लिहिलंय पोरीने. त्या पहिल्या पहाटे ती झोपलेली होती." ताम्हणकरांनी चष्मा काढला. "आपण तिला कधी सांगितलं का, गुढी म्हणजे काय ते?"

"सांगायचं काय त्यात? पाडवा म्हणजे पाडवा!"

"बघ."

स्नेहलताबाईंनी तवा उतरवला. गावात मराठी घरं इन मीन चार. सांगणार तरी दुसरं कोण होतं?

"मी ठरवलंय," ताम्हणकर उठत म्हणाले. "यंदा गाठी नेणार नाही. जिथे रेघ मारायची नाही तिथे गाठी कशाला? त्यांची साठ वर्षांची परंपरा आहे ना, तर करतील त्यांचं ते."

पन्नाशी उलटलेला माणूस रुसला की तो तत्त्वाचं बोलायला लागतो. स्नेहलताबाईंनी "बरं" म्हटलं. एवढ्या पटकन त्या कधीच बरं म्हणत नसत, हे ताम्हणकरांच्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी अख्खा क्लब लोटला. साठ वर्षांतले जुने खेळाडू, त्यांच्या काठ्या, त्यांची नातवंडं, सॉसेजचा धूर आणि मधोमध ते गवत. इतकं हिरवं, की गाईला संशय आला असता. रेघा पांढऱ्या, सरळ, आरपार. ताम्हणकर कडेला उभे होते. हातात कॉफी होती. ती त्यांनी प्यायलेली नव्हती.

दारात काचेची पेटी, पेटीत त्यांचा गाडा, धुतलेला, पुसलेला. खाली पितळी पाटी: '१९६५ पासून सेवेत'. गाडा त्यांच्याच डोळ्यांसमोर दुकानातून आला होता, त्याला पुरती अकरा वर्षं झाली नव्हती.

नेव्हिलनी माइक घेतला. "किया ओरा, मित्रहो! गवत बदललं, पण आपण बदललो नाही. शिटी वाजायच्या आधी, साठ वर्षांच्या रिवाजाप्रमाणे... शुगरिंग!"

सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं. दांडा रिकामा होता.

नेव्हिलनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने खजिनदाराकडे. खजिनदाराने मागे वळून पाहिलं, तिथे बार्बेक्यू होता.

"साखर कोण आणतं?" नेव्हिलनी विचारलं. माइक चालूच होता.

"मला वाटायचं तुम्ही," सेक्रेटरी म्हणाली.

"मला वाटायचं कमिटी."

"कमिटी म्हणजे आपणच, नेव्हिल."

"मेरेआना! तू तर इतकी वर्षं खातेस!"

"ती नेहमी तिथेच असायची," मेरेआना म्हणाली. "मी पहिल्या दिवशी आले तेव्हाही तिथेच होती."

रेफरीने घड्याळ बघितलं. पाहुणी टीम जागेवर उड्या मारूनही गार पडायला लागली होती. आणि आपल्या टीमची एकही मुलगी मैदानात उतरेना. साखरेशिवाय मोसमाचा पहिला सामना त्यांच्यातलं कोणी कधी खेळलंच नव्हतं.

ओवीने ग्लव्हज काढले. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग आपल्या बापाकडे. तो गवताच्या कडेची जाळी निरखून पाहत होता. बाबा खोटं बोलायचा असला की निचऱ्याकडे बघतो, हे तिला तिसऱ्या इयत्तेपासून माहीत होतं.

"बाबा."

"हं? ही जाळी बघ, छान बसवलीय."

"बाबा, लुक अ‍ॅट मी. हू ब्रिंग्ज द शुगर?"

"मला काय विचारतेस? तू इतिहास लिहितेस ना?"

"बाबा!"

पर्सची चेन वाजली. स्नेहलताबाईंनी वर्तमानपत्राची पुडी काढली, सोडली आणि पांढऱ्याशुभ्र बत्ताशांची माळ वाऱ्यावर धरली.

"ही घे. ओटाहुहूहून, देवव्रतकाकांकडची."

"अगं, मी नको म्हटलं होतं!" ताम्हणकर म्हणाले.

"मी बरं म्हटलं होतं. आणणार नाही असं नव्हतं म्हटलं."

ओवी माळेकडे बघत राहिली. "पण आई, ही तर आपल्या घरची आहे. गॅरेजमधली."

"गॅरेजमधली आणि गाड्यावरची, एकाच पुडीतली. दर वर्षी. बाबा पहाटे येऊन बांधायचे."

"वेट. म्हणजे आपण त्यांच्याकडून नाही घेतलं?" तिच्या चेहऱ्यावरून दहा वर्षं उलटी धावत गेली. "दे गॉट इट फ्रॉम अस?"

"आपल्या पाडव्याची आहे ती," ताम्हणकर कॉफीला सांगितल्यासारखं म्हणाले. "नवं वर्ष असतं आपलं."

"पाडवा म्हणजे सीझन ओपनर ना?"

"तेच. पण सगळ्याचाच."

"आणि तो कप?"

"तांब्या!" स्नेहलताबाई गरजल्या. "त्याच्याबद्दल आपण घरी बोलू."

ओवीला हसू आलं, मग ते थांबलं. "बाबा, मग तू कधी बोलला का नाहीस?"

ताम्हणकरांना उत्तर द्यावं लागलं नाही, कारण माइक हातात तसाच धरून नेव्हिल तिथे येऊन उभे होते. मराठी त्यांना कळलं नव्हतं, माळ कळली होती.

"म्हणजे ती तू आणतोस, चॅन्ड्रा. इतकी वर्षं." ते थांबले. "आणि तुझ्या आधी कोण आणायचं?"

सगळे ताम्हणकरांकडे बघत होते. कडेला उभा असलेला माणूस मधोमध यायला एक वाक्य पुरेसं होतं. ताम्हणकरांनी नेव्हिलच्या हाफपँटीकडे पाहिलं, गार वाऱ्यात लाल झालेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"ते तुलाच जास्त माहीत," ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर साली तू होतास. मी नव्हतो."

नेव्हिलनी डोळे मिटले. स्पीकरमधून सगळ्या मैदानाला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पाऊस होता," ते हळूहळू म्हणाले. "ते पक्कं. आणि गोड होतं. पण..." एक डोळा उघडला. "पिवळं होतं. कागदात गुंडाळलेलं. अरे देवा. बार्ली शुगरची गोळी होती ती. आईने खिशात घालून दिलेली." दुसरा डोळा उघडला. "चार वर्षं मी भाषणात त्याचंच सांगतोय?"

"छान सांगतोस पण," ताम्हणकर म्हणाले.

नेव्हिल हसायला लागले. ते हसणं माइकवरून गेलं आणि सगळं मैदान हसलं, ज्यांना काही कळलं नव्हतं तेसुद्धा.

"चला, ओवी, खा आता, उशीर होतोय," मेरेआना म्हणाली.

ओवीने हात मागे घेतला. "अशी नाही. ती गाड्यावर हवी. गाडा मधल्या रेघेपाशी हवा. आणि तो बाबाने आणायला हवा. शुगरिंग तसंच असतं." तिने नेव्हिलकडे पाहिलं. "मी इतिहास लिहितेय. मला माहितेय."

"पण पेटीला आठ स्क्रू आहेत," नेव्हिल म्हणाले.

ताम्हणकरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. का होता तो खिशात, हे कोणी विचारलं नाही. एका स्क्रूवर साधारण अर्धं मिनिट गेलं आणि गाडा बाहेर आला. त्यांनी रुमालाने चारही चाकं पुसली. टाकीवरचे ठिपके कोणीतरी धुऊन टाकले होते; स्नेहलताबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी दिली. पाच ठिपके. गाठी दांड्याला.

"रंग चालणार नाही हं, मेट," नेव्हिल दबक्या आवाजात म्हणाले. "गवताची वॉरंटी जाईल."

"मग रिकामा ढकलू? रिकाम्या गाड्याने काय होणार?"

"काही नाही. परंपरा आहे. तिने काही व्हावं लागत नाही."

ताम्हणकरांनी गाडा शिवलेल्या मधल्या रेघेवर घेतला आणि चालायला लागले. एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे, रंगाविना, पाठ ताठ. मधल्या वर्तुळात ते थांबले. खाली वाकले. मग सवयीने पालथे पडून गाल गवतावर टेकला, एक डोळा मिटला. पाहुण्यांच्या बाकावर कोणीतरी "डॉक्टर!" म्हणून ओरडलं.

"सरळ आहे का, चॅन्ड्रा?" गर्दीतून हाक आली. कुत्रं फिरवणारी बाई होती.

ताम्हणकरांनी बराच वेळ घेतला. "आहे," ते शेवटी म्हणाले. त्यांना ते म्हणणं जड गेलं. "पण दर सामन्याआधी बघावी लागेल. ऊन लागलं की हे प्लॅस्टिक फुगतं."

"दर सामन्याआधी?" नेव्हिलनी विचारलं.

"किमान."

"मग तो गाडा पेटीत कसा ठेवणार?"

"तेच म्हणतोय मी."

ओवीने बत्तासा तोडला, तोंडात टाकला आणि "पाडवा!" अशी आरोळी ठोकून गोलकडे पळाली. तिच्यामागे दहा जणी बत्तासा चावत, "पाडवा! पाडवा!" करत गेल्या. क्लबच्या परंपरेत ती आरोळी त्या क्षणापासून १९६५ सालची झाली.

सामना त्या चार-एक हरल्या. साखरेचा असर गवतावर अवलंबून असतो, असं निदान मध्यंतरातच निघालं.

मध्यंतरात ताम्हणकर गाड्याच्या चाकाला तेल देत उभे होते. कॉफी कुठेतरी राहून गेली होती. मागे पाहुण्या टीमची एक पोरगी क्लबच्या टीममधल्या एका नव्या मुलीला विचारत होती, "ते अंकल कोण आहेत?"

"ते?" नवी मुलगी ठामपणे म्हणाली. ती क्लबात येऊन तीन आठवडे झाले होते. "ते गाडा चालवतात. पहिल्यापासून. एकोणीसशे पासष्टपासून."

ताम्हणकर चूक सुधारायला वळणार, तेवढ्यात स्नेहलताबाईंनी त्यांची बाही धरली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं गाडा ढकलताय. वयाच्या मानाने बरेच बरे दिसता."